आजोबांच्या जपानी तलवारीची किंमत मुठीच्या आत असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. ब्रह्मदेशची लढाई संपल्यावर १९४६ साली ते जपानी तलवार घेऊन घरी आले. आता तिघा भावांत वाटणी चालू आहे आणि तलवारीचे काय करायचे, यावर गाडी अडली आहे. एका ओळखीच्याने "सामुराईची आहे, चाळीस लाख कुठे गेले नाहीत" असे सांगितले, तर जुन्या बाजारातल्या माणसाने पाच हजार देऊ केले. आधी साफसफाई करून मग किंमत करावी का, आणि मुठीला बांधलेली मळकी कापडी पट्टी काढून टाकावी का, असे तुम्ही विचारले आहे.

साफसफाई करू नका. बाकी सगळे यानंतर. पात्याला पॉलिश पेपर नको, मुठीवरच्या पितळी तुकड्यांना चिंच-मीठ किंवा ब्रासो नको, आणि धार लावणाऱ्याकडे तर तलवार अजिबात नेऊ नका. कोल्हापूरकडच्या एका घरातली अशीच तलवार मी काही वर्षांपूर्वी पाहिली. मुलाने मोठ्या हौसेने पाते आणि मुठीच्या आतला भाग ग्राइंडरवर धरून आरशासारखा केला होता. आतल्या भागावर कारागिराची सही होती. तिच्यातली दोन अक्षरे अर्धवट उरली होती, बाकीची गेली. पात्याची ठेवण पाहता ते निदान तीनशे वर्षांचे असावे असे मला वाटले, पण सिद्ध करायला काही शिल्लकच नव्हते. त्या घरातून निघताना मला जे वाईट वाटले ते अजून मनातून गेलेले नाही.

आता तुमच्या तलवारीविषयी. तुम्ही केलेल्या वर्णनात लाकडी म्यानावर तपकिरी चामड्याचे आवरण आहे, मुठीला तपकिरी फीत तिरकी गुंडाळलेली आहे, खाली खरखरीत पांढरट कातडे दिसते, परजेवर, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या चकतीवर, चेरीची फुले आहेत, आणि निळ्या-तपकिरी गोंड्याचा एक तुकडा लोंबतो आहे. या खुणा जपानी भूदलाच्या अधिकाऱ्याच्या तलवारीच्या आहेत. जपानीत तिला शिन-गुन्तो म्हणतात, म्हणजे 'नवी लष्करी तलवार'. १९३४ साली भूदलाने हा नमुना ठरवला आणि १९३८ साली त्यात सुधारणा केली. त्याआधी मेजी काळापासून अधिकारी युरोपी धाटणीची, बोटांवरून कमान येणारी तलवार लावत. १९३० नंतर राष्ट्रवादाची लाट आली, तेव्हा ताची या जुन्या, कमरेला लटकवायच्या जपानी तलवारीच्या धर्तीवर हा नवा नमुना घडवला गेला. निळा-तपकिरी गोंडा लेफ्टनंट आणि कॅप्टन दर्जाचा, लाल-तपकिरी मेजर ते कर्नल दर्जाचा, आणि सोनेरी धाग्यांचा जनरलचा. गोंडा सहज बदलता येतो, म्हणून एवढ्यावरून हुद्दा ठरवू नये. पण तुमचा गोंडा जीर्ण होऊन मुठीला चिकटल्यासारखा झाला असेल, तर तो मूळचाच असण्याचा संभव जास्त.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा हिशेब तिच्यावर बसतो. जपानी अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे. मूठ, परज, म्यान हा बाहेरचा साज ठरलेल्या नमुन्याचा असे, पण आत पाते कुठले घालायचे ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि घराण्यावर अवलंबून असे. कोणी कारखान्यात बनलेले स्वस्त पाते घेई, कोणी नामवंत लोहाराकडून नवे घडवून घेई, आणि कोणी घरातली चारशे वर्षांची पिढीजात तलवार काढून तिला लष्करी साज चढवी. म्हणून बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन तलवारींच्या किमतीत वीसपट फरक पडू शकतो. चाळीस लाखवाला आणि पाच हजारवाला, दोघांनीही बाहेरचा साज पाहूनच आकडा सांगितला.

सार्जंट-हवालदार दर्जाच्या लोकांना मात्र सरकारी तलवार मिळे. १९३५ च्या नमुन्याची ही तलवार पूर्णपणे यंत्रावर बनलेली असे. तिची मूठ धातूची ओतीव, त्यावर फितीची नक्षी कोरून वर रंग दिलेला, आणि पात्यावर मुठीजवळ क्रमांक ठोकलेला. युद्धाच्या शेवटी धातू टंचाईचा झाला तेव्हा मुठी साध्या लाकडाच्या झाल्या. तुमची तलवार ही नव्हे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी तशी असेल तर पात्यावरचा आणि म्यानाच्या तोंडावरचा क्रमांक जुळतो का आणि मुठीचा मूळ रंग शिल्लक आहे का, एवढे पाहा. या तलवारीत पात्याची कारागिरी शोधण्यात अर्थ नाही.

तुमच्या तलवारीचे खरे उत्तर मुठीच्या आत आहे. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला नाकागो म्हणतात. आपल्याकडे खुरप्याची शेपटी लाकडी मुठीत जाते, तसेच. जपानी तलवारीत हा भाग खिळवून बंद केलेला नसतो. बांबूची एक खुंटी, कधी दोन, आडवी ठोकून तो धरून ठेवलेला असतो. खुंटी एका बाजूने बारीक असते. बारीक बाजूवर लाकडाची काडी ठेवून हलक्या हाताने ठोकली की ती दुसरीकडून बाहेर येते. मग मूठ डाव्या हातात धरून टोक तिरपे वर करायचे आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोसे द्यायचे. पाते मुठीत सैल होते. त्यानंतर ते वरून, कापडाने धरून, बाहेर काढायचे. परजेच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्या असतात, त्यांचा क्रम आधी फोटो काढून लक्षात ठेवा. काही चकत्यांवर बारीक आकडे ठोकलेले असतात, आणि सगळ्या चकत्यांवर एकच आकडा निघाला तर साज मूळचा, जुळवून आणलेला नाही, असे समजते. ऐंशी पावसाळे खाल्लेली मूठ पहिल्या प्रयत्नात निघेलच असे नाही. नाही निघाली तर थांबा. परजेवर हातोडी मारून पाते बाहेर काढू नका. मी स्वतः दोन-दोन दिवस घेतलेले आहेत.

आतला गंज पाहून घाबरू नका, आणि तो मुळीच खरवडू नका. नाकागोवरचा गंज हा तलवारीचा जन्मदाखला आहे. १९४० च्या सुमारास बनलेल्या पात्यावर तो तांबूस-करडा असतो, खाली कानशीचे तिरके ओरखडे ताजे दिसतात आणि कडा टोकदार लागतात. शतके जुन्या पात्यावर तो गडद, काळपट चॉकलेटी आणि हाताला गुळगुळीत लागतो. नाकागोला दोन-तीन भोके असतील आणि खालचे टोक कापल्यासारखे सरळ असेल, तर लांब जुनी तलवार पुढच्या कोणा मालकाने आखूड करून घेतली असण्याची शक्यता असते. असे दिसले तर हात आवरा आणि फोटो काढा.

मग सही आणि शिक्के. एका बाजूला कारागिराचे नाव असते, दुसऱ्या बाजूला कधी तारीख. तारीख शोवा शकातली, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीची वर्षे मोजणारी असेल, तर त्यात १९२५ मिळवायचे: शोवा १७ म्हणजे १९४२. सहीशेजारी एखादा छोटा शिक्का असेल तर तो भिंगाने पाहा. 'शोवा' या शब्दाचे पहिले अक्षर किंवा गिफू प्रांतातल्या सेकी गावाचा शिक्का असेल, तर पाते बहुधा 'शोवा-तो' आहे, म्हणजे तयार पोलादाचे आणि तेलात थंड केलेले. सेकी हे जुने लोहारांचे गाव आणि युद्धकाळात तलवारींचे मोठे केंद्र. तिथल्या पात्यावर सही सुरेख असली तरी पारंपरिक घडाई असेलच असे नाही. सही आहे म्हणजे मौल्यवान आहे, हा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा गैरसमज.

पाच टोकांच्या चांदणीचा शिक्का दिसला तर मात्र आनंद माना. तो भूदलाने मान्यता दिलेल्या लोहारांचा. त्यांना तामाहागाने, म्हणजे लोखंडी वाळूपासून भट्टीत काढलेले पारंपरिक पोलाद, सरकारकडून मिळे, आणि ते घड्या घालून ठोकून पाते घडवत. आणखी दोन नावे लक्षात ठेवा. टोकियोतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात लोहारशाळा चालली आणि तिथे सुमारे ८,१०० तलवारी जुन्या पद्धतीने घडल्या. त्या लोहारांच्या नावांत 'यासु' हे अक्षर येते. दुसरी जपानच्या ताब्यातल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या कारखान्यातली. तिच्यावर 'कोआ इश्शिन' ही अक्षरे कोरलेली असतात. ही पाती परंपरेने घडवलेली नसली तरी थंडीत न तुटणारी आणि मजबूत म्हणून त्यांचे नाव होते, आणि आजही संग्राहक ती साध्या शोवा-तोपेक्षा वरची धरतात.

सहीच नसेल तरी निराश होऊ नका. जुन्या पात्यांपैकी कितीतरी बिनसहीची आहेत. तेव्हा पाते स्वतः बोलते. धारेलगत एक पांढुरकी लहरी रेघ दिसते, ती पाणी दिल्याची. आपले लोहार कोयत्याच्या धारेला पाणी देतात तेच तत्त्व. फक्त जपानी कारागीर पाते तापवण्याआधी पाठीवर मातीचा जाड थर आणि धारेवर पातळ थर देतो, त्यामुळे धार झटकन थंड होऊन कडक होते आणि पाठ लवचीक राहते. या रेघेला हामोन म्हणतात. पाण्यात थंड केलेल्या पात्यात तिच्या काठावर दवासारखे बारीक चमकते कण दिसतात. तेलातल्या पात्यात ते नसतात, रेघ एकसुरी आणि ठोकळेबाज लागते. पात्याच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी पोत दिसली तर ती घड्या घालून ठोकल्याची खूण. हे पाहायला खोलीतला दिवा पुरत नाही. एकच बल्ब लावा, पाते त्याच्याकडे तिरपे धरा आणि नजर उजेडाच्या डागाभोवती फिरवा.

दोष पाहताना गंज आणि छोट्या खाचा यांचे ओझे मनावर घेऊ नका, जाणकार घासणारा ते काढू शकतो. धारेवर उभी, केसाएवढी चीर मात्र शोधा. नखाला ती लागते न लागते. तिला हागिरे म्हणतात आणि तिच्यावर इलाज नाही. कितीही मोठ्या कारागिराचे पाते असो, ती सापडली की किंमत कोसळते. तसेच घर जळाले असताना आत सापडलेली तलवार. तापल्याने धारेचे पाणी उतरते आणि रेघ नाहीशी होते.

आता आकड्यांवर येतो, कारण भाऊ वाट पाहत असतील. आपल्याकडे या तलवारींचा उघडा, नियमित बाजार नाही, म्हणून मी परदेशी लिलावांत जे पाहत आलो त्यावरून सांगतो. साध्या शोवा-तोसह पूर्ण साज असलेली अधिकाऱ्याची तलवार साधारण आठशे ते दीड हजार डॉलरमध्ये जाते. हवालदारी १९३५ ची त्याहून थोडी खाली. चांदणीच्या शिक्क्याचे पारंपरिक पाते अडीच ते पाच हजार, यासुकुनीचे त्याच्याही पुढे. मुठीच्या टोपीवर चांदीचे घराणे-चिन्ह असेल तर थोडी भर. खरे जुने पाते निघाले तर त्याची ठरावीक श्रेणी सांगता येत नाही: थकलेले, घासून घासून पातळ झालेले पाते शोवा-तोच्याच भावात जाते, आणि नामवंत लोहारपरंपरेचे निरोगी पाते कितीतरी पट वर. तुमच्या वर्णनावरून, आत उघडून पाहिले नसताना, मी वाटणीच्या कागदावर लाख-सव्वा लाखाच्या आसपासचा आकडा धरीन आणि शेजारी 'पाते तपासून बदलेल' असे लिहीन. चाळीस लाखांचे स्वप्न भावांच्या डोक्यातून आजच काढा, त्यावरून भांडण नको. पाच हजारांना देऊ मात्र नका.

खोट्या तलवारींविषयी थोडे. गेल्या काही दशकांत चीनमध्ये बनवलेल्या नकला खूप फिरतात. त्यांत पात्यावरची रेघ आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते, नाकागोवर रसायनाने चढवलेला भगवा गंज असतो, फीत सैल असते आणि पितळी फुले पुसट, ओबडधोबड. तुमची तलवार १९४६ पासून त्याच घरात असेल तर ही भीती नाही.

म्हणूनच घरची हकिकत कागदावर आणा. ती खरीच असणार असे मला वाटते. ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सैनिकांसमोर खाली ठेवाव्यात असा आग्रह धरला होता, आणि तिथला जपानी सेनापती जनरल किमुरा याची तलवार त्यांनी पुढे स्वतःच्या घरी ठेवली. अशा कितीतरी तलवारी मग विजयी सैन्यातल्या लोकांकडे गेल्या. मराठा पलटणींनी ब्रह्मदेशात आणि इंफाळच्या आघाडीवर लढाई केली, शिवाय १९४६-४७ मध्ये जपानच्या ताब्यासाठी गेलेल्या भारतीय तुकड्यांतही मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. आजोबांचे डिस्चार्जचे पुस्तक, पदकांच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव, जुना फोटो, पत्र, जे असेल ते तलवारीसोबत एकत्र ठेवा. ते कोणत्या पलटणीत होते ते कळले तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे लेखी विचारणा करून पाहा. नुसत्या 'आजोबा सांगायचे' याला लिलावात भाव नाही, पण नाव-नंबर असलेल्या कागदाला आहे.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. तलवार शस्त्र कायदा, १९५९ मध्ये येते. तुमच्या भागात परवान्याची काय अट आहे ते वकिलामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आधी विचारा. हातात तलवार घेऊन फोटो काढून गावभर पाठवू नका, त्यावरून गुन्हे दाखल होतात. पाते शंभर वर्षांहून जुने निघाले तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो आणि ते देशाबाहेर विकायला नेता येत नाही. आणि "जपानमध्ये जास्त भाव मिळेल" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. जपानच्या कायद्यात पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कलावस्तू म्हणून नोंदता येणाऱ्या तलवारीच ठेवता येतात. शोवा-तोची नोंद होत नाही, ती तिथे नष्ट केली जाऊ शकते.

तोवर सांभाळायचे कसे? पाते कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. उघड्या बोटांनी पात्याला स्पर्श करू नका, घामाचा ठसा महिन्याभरात गंज होऊन उमटतो. चामड्याचे आवरण ओल धरते, म्हणून पावसाळ्यात तलवार त्यातून बाहेर काढून कोरड्या कपाटात आडवी ठेवा, धार वर करून. दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करा, माझ्या घरीही होते. पण हळद-कुंकू आणि ओली फुले पात्याला लावू नका, पाटावर वाहा. मी पाहिलेल्या मराठी घरांतल्या तलवारींवर सगळ्यांत खोल गंजाचे डाग कुंकवाच्या बोटांचेच होते.

राहिली ती मळकी पट्टी. ती काढू नका, धुऊ नका, आणि तिची गाठही सोडू नका. शरणागतीच्या वेळी अनेक जपानी अधिकाऱ्यांनी मुठीला कापडाची, कागदाची किंवा लाकडाची चिठ्ठी बांधून तिच्यावर शाईने आपले नाव, हुद्दा, तुकडी, कधी गावचा पत्ता लिहिला होता. तलवार कधीतरी परत मिळेल अशी त्यांची आशा होती. उन्हात न नेता, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि जपानी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. पुण्यात जपानी शिकलेली माणसे पुष्कळ आहेत, मात्र हस्ताक्षर जुन्या वळणाचे असल्याने एखाद्या जाणत्या शिक्षकालाच विचारा. नाव वाचता आले तर संग्राहकांच्या दृष्टीने किंमत वाढेल. पण त्याच वेळी तुम्हा तिघा भावांना हेही कळलेले असेल की या तलवारीवर आजोबांच्या आधी कोणाचे नाव होते, आणि त्याचे घर कुठल्या गावात होते. वाटणीचा कागद त्यानंतर करा.